व्यायामातील खंड आणि पुनरारंभ

नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीचा व्यायाम काही आठवडे, महिने किंवा वर्षे थांबणे याला व्यायामातील खंड म्हणतात. त्यानंतर तो पुन्हा सुरू करून टिकवण्याच्या प्रक्रियेला पुनरारंभ असे म्हणतात. आजारपण, दुखापत, शस्त्रक्रिया, बाळंतपण, परीक्षा, नोकरीतील बदली, पावसाळा ही खंडाची नेहमीची कारणे होत. खंडामुळे कमावलेली क्षमता घटते. मात्र शरीराच्या सर्व क्षमता एकाच वेगाने घटत नाहीत आणि एकाच वेगाने परतही येत नाहीत. दमसास सर्वांत आधी जातो, ताकद त्यानंतर कमी होते आणि अंगी बाणलेले कौशल्य सर्वांत शेवटपर्यंत टिकते. पुनरारंभाच्या काळातील बहुतेक दुखापतींचे मूळ या विषमतेत असते.

संज्ञा आणि व्याप्ती

क्रीडाविज्ञानात या विषयासाठी ‘डीट्रेनिंग’ व ‘रीट्रेनिंग’ हे शब्द वापरतात. मराठीत त्यांना सर्वमान्य पर्याय रूढ झालेला नाही. तालमीच्या बोलीत मात्र ‘मेहनत सुटणे’, ‘अंग सुटणे’ आणि ‘पुन्हा मेहनत धरणे’ असे नेमके वाक्प्रयोग आहेत. ठरवून घेतलेली एक-दोन दिवसांची विश्रांती ही खंड नव्हे, कारण ती व्यायामाचाच भाग असते. त्याचप्रमाणे व्यायामाचे प्रमाण घटवणे आणि तो पूर्णपणे थांबवणे या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात. त्यांचे परिणामही फार वेगळे आहेत.

खंडाच्या काळात शरीरात होणारे बदल

दमसास मोजण्यासाठी शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे पाहिले जाते. या मापाला कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता किंवा ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणतात. व्यायाम थांबल्यावर पहिला फरक रक्तात पडतो. नियमित व्यायामाने वाढलेले रक्तद्रवाचे आकारमान दोन ते चार आठवड्यांत लक्षणीय घटते. परिणामी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी नाडीचा वेग वाढतो. महिनाभराच्या खंडानंतर नेहमीचा जिना चढताना धाप लागते, तिचे मुख्य कारण हे आहे. पायांतील ताकद तोपर्यंत फारशी कमी झालेली नसते.

अमेरिकेतील संशोधक एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दीर्घकाळ सराव केलेल्या धावपटू व सायकलपटूंवर केलेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. सराव पूर्ण थांबवल्यानंतर २१ दिवसांत त्यांची प्राणवायू ग्रहणक्षमता सुमारे ७ टक्क्यांनी आणि ५६ दिवसांत सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली. पहिल्या तीन आठवड्यांतील घट मुख्यतः हृदयातून होणाऱ्या रक्तपुरवठ्याशी निगडित होती, तर पुढील घट स्नायूंच्या प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेशी निगडित होती. स्नायुपेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे म्हणजे तंतुकणिका किंवा मायटोकॉन्ड्रिया. त्यांतील विकरांची क्रियाशीलता झपाट्याने ओसरली. स्नायूंभोवती सरावाने दाट झालेले केशवाहिन्यांचे जाळे मात्र या काळात जवळजवळ टिकून राहिले. त्यामुळे जवळपास तीन महिने सराव थांबूनही हे खेळाडू कधीच व्यायाम न केलेल्या माणसांच्या पातळीपर्यंत खाली आले नाहीत.

चालणेफिरणेही बंद झाले तर चित्र पालटते. १९६६ मध्ये डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पूर्ण विश्रांती देण्यात आली. तेवढ्या काळात त्यांची प्राणवायू ग्रहणक्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घटली. नंतर सुमारे दोन महिन्यांच्या कसून केलेल्या सरावाने ती भरून निघाली. या प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. तीस वर्षांनंतर, म्हणजे ही मंडळी पन्नाशीत असताना, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. त्यांच्यापैकी कोणाचीही क्षमता विशीतील तीन आठवड्यांच्या अंथरुणानंतर झाली होती तितकी खालावलेली नव्हती. या दृष्टीने तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती त्यांना तीस वर्षांच्या वयोमानापेक्षा जड गेली होती. त्यानंतर सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या सरावाने त्यांची सरासरी क्षमता विशीतील मूळ पातळीला पोहोचली. पाच व्यक्तींवरील प्रयोगातून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे खरे. तरीही रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर शक्य तितक्या लवकर उठवून चालवण्याची जी पद्धत रुग्णालयांत रूढ झाली, तिच्यामागील विचाराला या प्रयोगाने मोठे बळ दिले.

ताकदीची घट त्यामानाने संथ असते. वजने उचलण्याचा नियमित सराव करणाऱ्यांत पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद बहुधा टिकून राहते, नंतर ती हळूहळू कमी होते. स्नायू बारीक दिसू लागतात त्याचे एक कारण त्यांतील साठवलेली शर्करा आणि पाणी घटणे हेही आहे. म्हणून आरशातील फरक पाहून सगळी मेहनत वाया गेली असे समजणे चुकीचे ठरते.

वय वाढलेल्यांच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता केवळ पायांतील मांसल वस्तुमान सरासरी एक किलोग्रॅमच्या आसपास घटले. साठीनंतर आठवडाभराचा ताप किंवा प्लास्टरमधील पाय हा लहानसा खंड नसतो, हे घरातील माणसांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्नायूंची स्मृती

एकदा कमावलेले शरीर दुसऱ्यांदा कमी काळात कमावता येते, हा व्यायामपटूंचा जुना अनुभव आहे. त्याला ‘स्नायूंची स्मृती’ म्हणतात. या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी मोडतात. पहिली गोष्ट कौशल्याची. सायकल, पोहणे, मल्लखांबावरील पकड किंवा कुस्तीतील डाव यांची आठवण मेंदू आणि चेतासंस्थेत असते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष स्नायुतंतूंची. ऑस्लो विद्यापीठातील क्रिस्टियान गुंडरसेन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, भार पडून स्नायुतंतू वाढतात तेव्हा त्यांतील केंद्रकांची संख्याही वाढते. पुढे तंतू रोडावले तरी ही वाढीव केंद्रके तशीच राहतात. पुन्हा भार पडताच वाढ वेगाने व्हावी, याचे एक स्पष्टीकरण यातून मिळाले. माणसांच्या स्नायूंत ही केंद्रके किती काळ टिकतात याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. पेशींतील जनुकांवर सरावाचे रासायनिक ठसे राहतात, असेही एक स्पष्टीकरण २०१८ पासून पुढे आले आहे.

कारण कोणतेही असो, परिणाम मोजता येतो. फिनलंडमधील युवस्किला विद्यापीठाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने सलग वीस आठवडे वजनांचा सराव केला, तर दुसऱ्या गटाने दहा आठवडे सराव, दहा आठवडे पूर्ण खंड आणि पुन्हा दहा आठवडे सराव असा क्रम ठेवला. शेवटी दोन्ही गटांतील ताकदीची व स्नायूंच्या आकाराची वाढ जवळपास सारखीच भरली. खंडात गमावलेले दुसऱ्या गटाने पुनरारंभानंतर पहिल्या काही आठवड्यांतच परत मिळवले होते.

पुनरारंभातील धोके

चेतासंस्थेला जुने कौशल्य आठवते, स्नायू लवकर सावरतात, पण कंडरा, अस्थिबंध आणि हाडे फार सावकाश बदलतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या भाराशी जुळवून घ्यायला महिने घेतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात बळ आल्यासारखे वाटते तेव्हा टाचेमागील कंडरा, गुडघ्याच्या वाटीखालचा भाग आणि खांदा यांची तयारी अपुरीच असते. दुखणी उपटतात ती बहुधा याच टप्प्यावर. पहिल्या दिवशी माणूस बिचकून असतो. महिन्याभराने तो निर्धास्त होतो.

पहिल्या दिवसांत अंग आंबणे स्वाभाविक आहे. बैठका मारल्यावर मांड्या भरून येतात, जोर काढल्यावर छाती व दंड धरतात. ही वेदना साधारणतः एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते आणि नंतर ओसरते. स्नायू ताणला जात असताना त्यावर भार पडला, उदाहरणार्थ गड उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना, तर ती विशेष होते. तिचा संबंध स्नायुतंतूंतील सूक्ष्म इजांशी आहे. साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे अंग दुखते ही समजूत शास्त्रीय कसोटीवर टिकलेली नाही. तोच व्यायाम आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा केल्यास वेदना पुष्कळ कमी होते.

याच इजेचे टोकाचे रूप म्हणजे रॅब्डोमायोलिसिस. खंडानंतर ईर्ष्येने शेकडो बैठका काढणे किंवा व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी जुन्या वजनांना हात घालणे यामुळे स्नायुपेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. असह्य दुखणे, स्नायूंना सूज, कमालीचा अशक्तपणा आणि चहाच्या किंवा कोकच्या रंगाची लघवी ही याची लक्षणे होत. ती दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते. उष्णता आणि पाण्याची कमतरता यांनी हा धोका वाढतो. उन्हाळ्याची शरीराला झालेली सवयही खंडात काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत केलेला पुनरारंभ पहाटेच उरकलेला बरा.

हृदयाचा धोका सर्वांत गंभीर आहे, आणि त्याबद्दल अतिशयोक्ती व दुर्लक्ष दोन्ही आढळतात. हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२०० हून अधिक रुग्णांच्या माहितीवर आधारलेला एक अमेरिकी अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार श्रमांनंतरच्या एका तासात झटक्याची शक्यता एरवीच्या तुलनेत सरासरी सुमारे सहा पट वाढते, असे त्यात आढळले. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ केवळ अडीच पटींच्या आत होती, तर एरवी क्वचितच श्रम करणाऱ्यांत ती शंभर पटींहून अधिक होती. कोणत्याही एका तासातील मूळ शक्यता अत्यल्प असल्याने प्रत्यक्ष धोका लहानच राहतो. तथापि, वर्षभर खुर्चीत बसून एका रविवारी सहकाऱ्यांच्या क्रिकेट सामन्यात जीव तोडून धावणाऱ्या पन्नाशीच्या माणसासाठी हे आकडे महत्त्वाचे आहेत. व्यायाम करताना छातीत दाब किंवा दुखणे, डाव्या हातात वा जबड्यात पसरणारी कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा छातीत अनियमित धडधड जाणवल्यास लगेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी लागते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दीर्घ खंडानंतर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची शिफारस केली जाते. सपाट रस्त्यावर सावकाश चालणे बहुतेकांना सुरक्षित असते.

पुनरारंभाची पद्धत

सर्वांना लागू पडेल असे एकच वेळापत्रक उपलब्ध नाही. तज्ज्ञांच्या शिफारशींत पुढील क्रम मात्र वारंवार आढळतो: प्रथम नियमितपणा, मग कालावधी आणि शेवटी तीव्रता. म्हणजे आधी आठवड्यातील दिवस ठरावेत, त्यानंतर मिनिटे वाढावीत आणि वेग किंवा वजन सर्वांत शेवटी वाढावे. महिना-दोन महिन्यांच्या खंडानंतर पूर्वीच्या निम्म्या प्रमाणापासून सुरुवात करण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. खंड अधिक लांबला असल्यास नवशिक्याप्रमाणेच प्रारंभ करणे इष्ट समजतात.

तीव्रता मापण्याची सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, असे श्रम मध्यम समजावेत. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ते जोरदार समजावेत. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव ६ ते २० या अंकांत नोंदवण्याची जी श्रेणी तयार केली, तीही याच कामासाठी जगभर वापरली जाते. पूर्वीच्या वेगाशी किंवा वजनाशी तुलना करण्यापेक्षा आजच्या श्रमाची जाणीव मोजणे पुनरारंभात अधिक उपयुक्त ठरते, कारण जुना आकडा जुन्या शरीराचा असतो.

दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, हा धावपटूंतील लोकप्रिय नियम वाटतो तितका सिद्ध नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवशिक्या धावपटूंवर घेतलेल्या चाचणीत या नियमानुसार आखलेल्या तेरा आठवड्यांच्या सरावाने आठ आठवड्यांच्या नेहमीच्या सरावापेक्षा दुखापती कमी झाल्या नाहीत. त्यामुळे हा नियम एक सोयीस्कर आठवण म्हणून पाळावा, हमी म्हणून नव्हे.

मोजता येणारे व्यायामप्रकार या कामी सोयीचे असतात. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रचारात आणलेला सूर्यनमस्कार हा त्याचा परिचित नमुना होय. त्याला साहित्य लागत नाही, संख्या घरच्या घरी मोजता येते आणि गती स्वतःच्या श्वासाशी जुळवता येते. मात्र गुडघे, मनगटे किंवा कंबर दुखत असल्यास तोही पहिल्या आठवड्यासाठी योग्य ठरेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. वृद्धांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत. हे अंतिम उद्दिष्ट आहे. पहिल्या आठवड्याचे माप नव्हे. काहीच न करण्यापेक्षा थोडी हालचालही हितकारक, असे त्याच सूचनांत नमूद आहे.

प्राचीन ग्रंथांतील विचार

आयुर्वेदाच्या ग्रंथांनी व्यायामाची मर्यादा बळाच्या निम्म्यावर आखली आहे. सुश्रुतसंहितेत या ‘बलार्धा’चे लक्षण म्हणून तोंडाने श्वास सुरू होणे सांगितले आहे, जे आजच्या बोलण्याच्या कसोटीच्या बरेच जवळ जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण आणि अतिव्यायामाचे दोष यांच्या विवेचनाबरोबरच अहितकर सवय सोडण्याचा आणि हितकर सवय लावण्याचा क्रमही दिला आहे. तो चतुर्थांशाने पुढे सरकतो: जुन्यातील एक हिस्सा सोडावा, नव्याचा एक हिस्सा घ्यावा आणि मध्ये काही काळ जाऊ द्यावा. टीकाकारांनी त्याचे दिवस निरनिराळे मोजले आहेत. हा क्रम खंडानंतरच्या व्यायामासाठी मुद्दाम सांगितलेला नाही, पण त्याला तो चपखल बसतो.

विशेष परिस्थिती

तापात व्यायाम वर्ज्य मानला जातो. कोविड-१९ नंतरच्या पुनरारंभाविषयी ब्रिटनमध्ये २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनात, लक्षणे जाऊन किमान सात दिवस उलटल्यावरच सुरुवात करावी आणि पहिले दोन आठवडे अगदी हलक्या हालचालीच कराव्यात, असे सुचवले होते.

बाळंतपणानंतर महाराष्ट्रात सव्वा महिना विश्रांतीची प्रथा आहे. जड कामापासून मिळणारी ही सूट उपकारक असली, तरी सव्वा महिना खाटेवर काढणे हा तिचा अर्थ घेतला जाऊ नये. सुलभ प्रसूतीनंतर काही दिवसांतच थोडे चालणे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे हलके व्यायाम करता येतात. सिझेरियन झाले असल्यास पोटावर ताण देणारे व्यायाम डॉक्टरांच्या अनुमतीनंतरच सुरू करतात. उडी मारताना किंवा खोकताना लघवी सुटणे हे पुनरारंभ घाईचा झाल्याचे एक लक्षण आहे. संकोचामुळे ते बऱ्याचदा सांगितले जात नाही, वास्तविक भौतिकोपचाराने त्यात चांगली सुधारणा होते.

अस्थिभंग किंवा शस्त्रक्रियेनंतर जखमी अवयव सोडून उरलेल्या शरीराचा व्यायाम बहुधा चालू ठेवता येतो. हा भाग फार दुर्लक्षित आहे. पाय प्लास्टरमध्ये असताना हात, पाठ आणि दुसरा पाय यांना सक्तीची रजा देण्याचे कारण नसते.

खंड अटळ असताना

परीक्षा, शेतीचा हंगाम किंवा घरातील आजारपण यांमुळे पूर्ण व्यायाम शक्य नसेल, तर किती केले म्हणजे पुरे, या प्रश्नाचे उत्तर रॉबर्ट हिकसन यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून मिळते. आठवड्यात सहा दिवस सराव करणाऱ्यांनी तो दोन दिवसांवर आणला, किंवा रोजची चाळीस मिनिटे तेरा मिनिटांवर आणली, तरी पंधरा आठवड्यांपर्यंत त्यांची प्राणवायू ग्रहणक्षमता टिकून राहिली. अट एवढीच की त्या थोड्या वेळातील तीव्रता पूर्वीइतकी हवी. तीव्रता घटवली तेव्हा मात्र क्षमताही घसरली. हे प्रयोग तरुण व निरोगी व्यक्तींवरील होते, म्हणून आजाऱ्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

उल्लेखनीय उदाहरणे

मुष्टियोद्धा मेरी कोम यांना २००७ मध्ये जुळी मुले झाली. पुढच्याच वर्षी चीनमधील निंगबो येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले, तेव्हा मुष्टियुद्धाकडे परतण्याचा मार्ग बंद झाला. ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात त्यांनी भारताला वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.